लग्न गोव्यात, संसार कोणत्या देशात?

नार्वे (डिचोली) : 'परदेशी जोडीदार' म्हटले की गोमंतकीयांच्या डोळ्यांपुढे हरमल, मांद्रे किंवा मोरजीच्या किनाऱ्यावर रमलेला एखादा रशियन वा युरोपीय पाहुणा उभा राहतो. अशा पाहुण्याचा किंवा पाहुणीचा स्थानिकाशी विवाह होणे पेडणे तालुक्याला आता नवलाचे राहिलेले नाही. गोव्यात मात्र परदेशी जोडीदाराचे आणखी एक रूप आहे आणि ते किनाऱ्यापासून दूर, डिचोलीसारख्या तालुक्यातही आढळते. हा जोडीदार गोव्यातच जन्मलेला, गावच्या शाळेत शिकलेला, चवथीला घरी माटोळी बांधणारा असतो. त्याने पोर्तुगीज पासपोर्ट हाती घेतला, त्या दिवसापासून तो भारतीय कायद्याच्या लेखी विदेशी ठरतो. पत्नी भारतीय, पती विदेशी आणि दोघांचे मूळ गाव मात्र एकच, अशी विचित्र अवस्था त्यातून निर्माण होते.

नार्वेला सीमेचा अर्थ नव्याने सांगावा लागत नाही. पोर्तुगीजांच्या धर्मछळाच्या काळात दिवाडीवरचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून या गावी आला आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. आज फेरीबोट काही मिनिटांत जे अंतर कापते, तेच त्या काळी दोन राज्यांमधले अंतर होते. आजची सीमा नकाशावर दिसत नाही. ती पासपोर्टवर, विवाह दाखल्यावर आणि अर्जातील तारखेवर असते. अनेक कुटुंबांना तिचा पत्ता लग्नानंतरच लागतो.

लग्न झाले म्हणजे पती-पत्नीला एकत्र राहण्याचा हक्क आपोआप मिळतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. नीतीच्या दृष्टीने ती योग्य असली, तरी स्थलांतराचा कायदा ती मानत नाही. त्याच्या दृष्टीने विवाह हा अर्ज करण्यासाठीचा केवळ एक पुरावा असतो. निर्णय उत्पन्न, वास्तव्य, नागरिकत्वाचा इतिहास आणि तारखा यांवर होतो. गोव्यातील कुटुंबांनी आणि राज्य सरकारनेही हे वास्तव वेळीच ध्यानात घेणे आवश्यक आहे.

पहिली सही म्हणजे विवाह नव्हे

प्रश्नाची सुरुवात नागरी निबंधकांच्या कार्यालयातच होते. पोर्तुगीज राजवटीपासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार गोव्यात विवाहाची नोंदणी दोन टप्प्यांत होते. प्रथम वर आणि वधू विवाहाचा इरादा जाहीर करतात. त्यावर हरकती मागविल्या जातात. ठरलेली मुदत उलटल्यानंतर दोघांनी पुन्हा येऊन सह्या केल्या, म्हणजे विवाह कायद्याने पूर्ण होतो. लोकव्यवहारात याला 'पहिली सही' आणि 'दुसरी सही' म्हणतात. पहिली सही झाली की लग्न झाले, असा गैरसमज आजही आढळतो. काही जण देवळातील विधीची तारीख हीच विवाहाची तारीख म्हणून अर्जात लिहितात.

गावात या फरकाने काही बिघडत नाही, पण दूतावासात सारे काही बिघडू शकते. भारताच्या 'ओसीआय' कार्डासाठी नोंदणीकृत विवाहाला अर्जापूर्वी सलग दोन वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ब्रिटनच्या एका महत्त्वाच्या सवलतीसाठी नाते ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचे असावे लागते. अशा वेळी दाखल्यावरील तारीख आणि अर्जातील तारीख जुळली नाही, तर अधिकाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती नात्याच्या खरेपणाविषयीच.

नावांचा घोळ त्याहून जुना आहे. पोर्तुगीजकालीन नोंदींत परबाचा 'पोरोबो' झाला आणि शेट हे आडनाव 'एक्स' या रोमन अक्षराने लिहिले गेले. आजोबांच्या जन्मनोंदीत एक रूप, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि स्वतःच्या पासपोर्टवर तिसरे, अशी स्थिती असते. गावातल्या माणसाला तिन्ही नावे एकाच घरची आहेत हे सहज कळते, परंतु लिस्बन किंवा लंडनमधील अधिकाऱ्यापुढे ती तीन वेगळ्या माणसांची ठरतात. अशा दुरुस्त्या वेळ खातात आणि त्या लग्नानंतर हाती घेतल्या, तर तो वेळ संसारातून वजा होतो.

परदेशी जोडीदाराला गोव्यात आणताना

भारतीय नागरिकाच्या परदेशी पती वा पत्नीसाठी आपल्याकडे 'एंट्री' म्हणजे 'एक्स' व्हिसाची तरतूद आहे. जोडीदार पर्यटक म्हणून येथे आला आणि विवाह येथेच झाला, तर विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे व्हिसाचे रूपांतर मागता येते. त्यासाठी केवळ विवाह दाखला पुरत नाही. दोघे खरोखर एकत्र राहतात का, परदेशी व्यक्तीची पार्श्वभूमी काय, सुरक्षेच्या दृष्टीने काही आक्षेप आहे का, याचा अहवाल तयार होतो. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्याला आगमनानंतर १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. या व्हिसावर नोकरीची मुभा आपोआप मिळत नाही, ही बाब अनेक जोडप्यांच्या उशिरा लक्षात येते. परदेशी जोडीदाराच्या कमाईवर संसाराचा हिशेब मांडलेला असेल, तर तो पहिल्याच महिन्यात चुकतो.

पुढचा टप्पा 'ओसीआय'चा. नागरिकत्व कायदा, १९५५ मधील कलम ७अ नुसार भारतीय नागरिकाच्या वा ओसीआय कार्डधारकाच्या परदेशी जोडीदाराला दोन वर्षांनंतर हे कार्ड मागता येते, मात्र त्यापूर्वी सुरक्षाविषयक पडताळणी बंधनकारक आहे. कार्ड मिळाले की आयुष्यभर ये-जा करण्याची मुभा मिळते. विवाह मोडला, तर विवाहाच्या आधारावर मिळालेले हे कार्ड रद्द होऊ शकते. भारतीय नागरिकत्वच हवे असेल, तर भारतीयाशी विवाह झालेल्या व्यक्तीला अर्जापूर्वी सात वर्षे येथे राहावे लागते.

पेडण्याच्या किनारपट्टीने आणखी एक बदल लक्षात घ्यायला हवा. १ सप्टेंबर २०२५ पासून 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५' लागू झाला असून १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्यासह चार जुने कायदे त्याने मोडीत काढले. व्हिसाची मुदत उलटूनही राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 'लग्न झाले आहे, कागद नंतर बघू' ही किनाऱ्यावरची सैल वृत्ती यापुढे महागात पडेल. पर्यटक व्हिसा हा संसाराचा परवाना नव्हे.

जोडीदार पाकिस्तानी वा बांगलादेशी असेल, तर ओसीआयचे दार बंदच असते. ज्यांचे आई-वडील वा आजी-आजोबा त्या देशांचे नागरिक होते, त्यांनाही हे कार्ड मिळत नाही. गोव्याला हा प्रश्न परका नाही, कारण एकेकाळी शिक्षणासाठी आणि पोटासाठी गोमंतकीयांनी कराची गाठली होती. मुक्तीपूर्वी तिकडे गेलेल्या आणि पाकिस्तानचे नागरिकत्व घेतलेल्या एका वयोवृद्ध गोमंतकीयाला ऑगस्ट २०२४ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली पणजीत भारतीय नागरिकत्वाचे प्रमाणपत्र देण्यात आले. पत्नी गोमंतकीय असूनही आयुष्याच्या उत्तरार्धापर्यंत त्यांना त्याची प्रतीक्षा करावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा अटारी सीमेवर आई एका देशाची आणि मुले दुसऱ्या देशाची अशी कुटुंबे ताटातूट सोसत उभी होती. दोन देशांचे संबंध बिघडले की आधी विवाहसंबंधांवर आच येते.

घरचाच माणूस, कायद्याने विदेशी

आता गोव्याच्या खास प्रश्नाकडे वळू. मुक्तीपूर्वी पोर्तुगीज भारतात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. ही वाट प्रामुख्याने बारदेश आणि सासष्टीने चोखाळली, तरी नव्या काबिजादीतले पेडणे आणि डिचोली तालुके तिला अपवाद राहिलेले नाहीत. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्यानंतर डिचोलीतील कितीतरी घरांचा आधार गेला. ट्रक विकल्यानंतर पुढे काय, या प्रश्नाचे एक उत्तर विलायतेत शोधले गेले असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. केवळ लिस्बनमधील जन्मनोंदणी म्हणजे नागरिकत्व घेणे काय, हा वाद गोव्यात वर्षानुवर्षे रेंगाळला आहे. जन्मनोंदणीनंतरही भारतीय पासपोर्ट वापरलेल्यांवर माहिती दडविल्याचा ठपका ठेवून पासपोर्ट रद्द करण्याची कारवाई सुरू झाली आणि त्यातून नवा पेच उभा राहिला. ओसीआयसाठी पासपोर्ट परत केल्याचे प्रमाणपत्र लागते आणि ज्याचा पासपोर्ट सरकारनेच रद्द केला, त्याने परत तरी काय करायचे? ४ एप्रिल २०२४ रोजी परराष्ट्र मंत्रालयाने असा रद्दबातल आदेश पर्यायी कागद म्हणून स्वीकारण्याचे परिपत्रक काढले. लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत त्याचे मोठे स्वागत झाले, पण अवघ्या काही आठवड्यांतच त्याच्या अंमलबजावणीविषयी संभ्रम निर्माण झाला. दोन मंत्रालयांच्या पत्रव्यवहारावर ज्यांचे घरी येणे-जाणे अवलंबून आहे, त्यांच्यासाठी ही केवळ प्रशासकीय बाब उरत नाही.

या पेचाचा भार बहुतेक वेळा गावात राहिलेल्या पत्नीवर पडतो. ती भारतीय, मुले भारतीय आणि पती तात्पुरत्या व्हिसावर घरी येणारा. सासू-सासऱ्यांचे आजारपण, मुलांची शाळा, बँकेची कामे, भाटाची राखण हे सारे तिच्याकडे असते. पतीला ओसीआय मिळेपर्यंत त्याचे घरी येणे हा व्हिसाच्या मुदतीचा प्रश्न असतो आणि तिला त्याच्याकडे जायचे असेल, तर तो दुसऱ्या देशाच्या अटींचा प्रश्न होतो.

३१ डिसेंबर २०२० ची भिंत

ब्रिटन युरोपीय संघात होता तोवर पोर्तुगीज पासपोर्टधारक गोमंतकीयाला स्विंडन वा साउथॉलमध्ये पत्नीला बोलावणे तुलनेने सोपे होते. ब्रेक्झिटने ते बदलले. ज्यांचे नाते ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचे आहे, त्यांच्या जोडीदाराला युरोपीय नागरिकांसाठीच्या 'सेटलमेंट स्कीम'चा लाभ मिळू शकतो. त्यानंतर जुळलेल्या नात्यांना ब्रिटनचा सर्वसाधारण जोडीदार व्हिसाच मागावा लागतो. २०२२ मध्ये लग्न झालेल्या जोडप्याला २०१९ च्या जोडप्याचा अनुभव लागू पडत नाही, हे दलाल सांगत नाहीत आणि शेजाऱ्यांना ठाऊक नसते. विसंगती अशी की नंतर जन्मलेले मूल वडिलांच्या आधारे या योजनेत बसू शकते, त्याची आई मात्र बसत नाही.

सर्वसाधारण व्हिसाची मुख्य अट उत्पन्नाची आहे. २०१२ मध्ये ती वार्षिक १८,६०० पौंड होती. ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड झाली. एप्रिल २०२५ मध्ये तेथील किमान वेतन ताशी १२.२१ पौंड ठरले. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे राबले, तरी त्या दराने सुमारे २५,४०० पौंडच हाती येतात. म्हणजे गोदामात वा कारखान्यात किमान वेतनावर पूर्णवेळ काम करणारा माणूस स्वतःच्या पत्नीला बोलावण्यास कायद्याने अपात्र ठरतो. गोव्यात ती परिचारिका वा शिक्षिका म्हणून चांगले कमावत असली, तरी पहिल्या अर्जाच्या वेळी तिची कमाई धरली जात नाही. उत्पन्न नसेल तर ८८,५०० पौंडांची बचत दाखवावी लागते. कामगाराला ते शक्य नसते.

शुल्काचा भार वेगळाच. एप्रिल २०२५ मधील दराने ब्रिटनबाहेरून अर्ज करण्याचे १,९३८ पौंड आणि आरोग्य अधिभाराचे ३,१०५ पौंड मिळून पाच हजारांवर पौंड, म्हणजे साडेपाच लाख रुपयांहून अधिक रक्कम भरावी लागते. त्यात इंग्रजीची परीक्षा आणि क्षयरोग तपासणी आलीच. एवढे करून मिळणारी परवानगी पावणेतीन वर्षांची असते.

याच पासपोर्टवर पती डब्लिनला काम करत असेल, तर चित्र पालटते. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार दुसऱ्या सदस्य देशात राहणाऱ्या संघाच्या नागरिकाच्या जोडीदाराला प्रवेश व्हिसा विनाशुल्क आणि शक्य तितक्या लवकर देणे त्या देशावर बंधनकारक आहे. इतक्या उंच उत्पन्नाची ठरावीक रेषाही तेथे नाही. एकच विवाह आणि एकच पासपोर्ट असूनही समुद्राच्या दोन काठांवर दोन वेगळे न्याय लागू होतात.

न्यायालयांचा आधार तोकडा

न्यायालये हा अन्याय दूर करतील, अशी आशा फार धरता येत नाही. उत्पन्नाची अट हजारो कुटुंबांना जाच ठरते, हे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये मान्य केले. मुलांच्या हिताचा पुरेसा विचार झालेला नाही, असेही म्हटले. अट मात्र तत्त्वतः वैध ठरविली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा घटनात्मक मूलभूत हक्क नागरिकाला नाही, असा निर्णय दिला. विवाह व्यक्तींचा आणि प्रवेश राज्यसंस्थेचा, अशी ही विभागणी आहे. ती आपल्याला पटो वा न पटो, आपल्या मुला-मुलींना याच चौकटीत अर्ज करावे लागणार आहेत.

या चौकटीचा आणखी एक पदर जमिनीचा आहे. विवाहपूर्व करार केलेला नसेल, तर गोव्याच्या नागरी कायद्याने पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. परकीय चलनविषयक कायदा मात्र ओसीआय कार्डधारकालाही शेतजमीन खरेदी करू देत नाही. त्याला वारशाने आलेली जमीन ठेवता येते, विकत घेता येत नाही. मग पोर्तुगीज पासपोर्टधारक पती आणि भारतीय पत्नी यांनी भात खाचर घ्यायचे ठरविल्यास काय होईल, याचा विचार लग्नापूर्वी, करार करतानाच व्हायला हवा. स्थलांतरितांच्या मालमत्तेवरून मये गावाने दशकानुदशके काय सोसले, हे डिचोली तालुक्याला सांगण्याची आवश्यकता नाही. मालकाचे राष्ट्र बदलले की कुळांचे आणि वारसांचे प्रश्न कसे पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळतात, याचा धडा शेजारीच आहे.

राज्य सरकार काय करू शकते?

नागरिकत्व आणि व्हिसा हे केंद्राचे विषय आहेत, असे म्हणून राज्य सरकारला हात झटकता येणार नाहीत. विवाह नोंदणी, जन्मनोंदी आणि नावदुरुस्ती या तिन्ही गोष्टी राज्याच्या कार्यालयांत होतात आणि अर्ज बहुधा अडखळतात ते तिथेच. प्रत्येक तालुक्याच्या नागरी निबंधक कार्यालयात पहिल्या सहीच्या वेळीच मराठी, कोकणी आणि इंग्रजीतून एक साधे माहितीपत्रक द्यावे. विवाह केव्हा पूर्ण होतो, कोणत्या तारखेला काय महत्त्व आहे, जोडीदारांपैकी एक विदेशी असेल तर पुढे काय करावे लागेल, विवाहपूर्व करार म्हणजे काय, एवढे त्यात असले तरी पुष्कळ कुटुंबांचे नुकसान टळेल. जुन्या पोर्तुगीज नोंदींतील आणि आजच्या कागदपत्रांतील नावे एकाच व्यक्तीची असल्याची खातरजमा करून देणारी, ठरावीक मुदतीत पूर्ण होणारी व्यवस्था उभारावी. अनिवासी भारतीयांसाठी राज्यात वेगळे खाते आहे. मेळावे भरविण्याबरोबरच डिचोली आणि पेडण्यातही महिन्यातून एक दिवस त्याचा मार्गदर्शन कक्ष चालावा.

केंद्राकडे पाठपुराव्याची मागणीही नेमकी हवी. रद्द झालेल्या पासपोर्टधारकांच्या ओसीआयचा प्रश्न निवडणुकीच्या तोंडावर निघणाऱ्या परिपत्रकांनी सुटणार नाही. नियमांतच स्पष्ट तरतूद होणे आवश्यक आहे. ज्यांनी जाणूनबुजून फसवणूक केली त्यांना आणि जे कायद्याच्या संदिग्धतेत अडकले त्यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही. गोव्याच्या खासदारांनी पक्षभेद विसरून हा विषय लावून धरला पाहिजे.

सरकारइतकीच जबाबदारी कुटुंबांचीही आहे. आपल्याकडे लग्न ठरविताना पत्रिका, शिक्षण, नोकरी, घरदार सारे पाहिले जाते. मुलाच्या हाती कोणता पासपोर्ट आहे, तो कोणत्या देशात कोणत्या दर्जावर राहतो, त्याचे वार्षिक उत्पन्न तेथील अटीत बसते का, मुलीला तिथे जाता येईल की वर्षानुवर्षे वाट पाहावी लागेल, हे विचारायला मात्र संकोच वाटतो. 'विलायतेत असतो' एवढ्या एका वाक्यावर होकार दिला जातो. तो संकोच सोडावा लागेल. पासपोर्ट बदलणे हा एका तरुणाचा वैयक्तिक निर्णय मानला जातो, परंतु त्याचे परिणाम पत्नी, मुले आणि म्हाताऱ्या आई-वडिलांना भोगावे लागतात. म्हणून तो घरात बसून, सर्व कागद पुढ्यात मांडून, लग्नाची तारीख ठरण्यापूर्वी व्हावा. नागरी निबंधकांपुढे दुसरी सही होईल तेव्हा तरी, पुढचा अर्ज कोणत्या देशाकडे आणि कोणत्या अटीवर करायचा आहे, हे त्या दोघांना ठाऊक असले पाहिजे.